चिठ्ठीवरचं पोवळं

मी बोलतोय, पण मान खाली घालून. बारामतीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम. माझ्यापुढच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पोवळे’. अहो, कसलं पोवळं! मी खोल समुद्रातला दगडी प्रवाळ, पांढराफटक सांगाडा नुसता.

ऊन कधी पोचत नाही अशा गार, काळोख्या पाण्यात मी वाढलो. इवले इवले जीव वाहत येईल ते खायचे आणि फांदीला फांदी जोडत मला बांधायचे. पुढं मच्छीमाराच्या जाळ्यात अडकलो आणि पेटीतून इथं आलो. कुणीतरी घाईत चुकीची चिठ्ठी लावली. पोवळं म्हणजे रत्न! मुलं वाकून बघायची आणि मी निर्लज्जासारखा फुशारून बसायचो.

कपाटं पुसायला जळोचीच्या सारजाबाई येतात. त्यांच्या लेकीला, प्रगतीला, मंगळ; दोन स्थळं परत गेलेली. मंगळाला पोवळं चालतं म्हणतात. एका दुपारी त्यांनी चिठ्ठी वाचली, इकडंतिकडं पाहिलं, “देवा, माफ कर रं,” म्हणाल्या आणि माझी बोटभर फांदी मोडली. लाल दिसावी म्हणून कुंकवात घोळून ती लेकीच्या गळ्यात बांधली.

प्रगती याच कॉलेजात शिकते. परवा प्रात्यक्षिकात मी तिच्यापुढं आलो. ते इवले जीव ज्यांत राहायचे त्या माझ्या वाट्यांमधले उभे पडदे तिनं भिंगातून मोजले, पुन्हा मोजले.

“मॅडम, पडदे सहाच्या पटीत आहेत. पोवळ्याला असे पडदेच नसतात. हे पोवळं नाही.”

तेवढ्यात तिला मोडलेली जागा दिसली. हात गळ्याशी गेला, बोटं कुंकवानं लाल झाली.

“कुणी मोडलं हे?” मॅडमनी विचारलं.

दारातून सारजाबाई फडकं घेऊन पुढं आल्या. “म्याच मोडलं. पोरीला कायबी बोलू नगा. मला कामावरनं काढा.”

मॅडम चिठ्ठीकडं बघत बसल्या. “अकरा वर्षं मी हेच पोवळं म्हणून शिकवतेय, सारजाबाई. एकदाही मोजलं नाही. कोणत्या तोंडानं तुम्हाला काढू?”

दोघींनी आपली चूक कबूल केली. मी तेवढा गप्प.

नवी चिठ्ठी प्रगतीनं लिहिली: ‘दगडी प्रवाळ, खोल समुद्र’. मोडकी फांदी शेजारीच ठेवलीय. धुतली, तरी खाचांत कुंकू राहिलंच. फळी पुसताना सारजाबाई माझ्याकडं बघत नाहीत. बघूच नये.

तुम्ही आलात, तर चिठ्ठीवर जाऊ नका. भिंग मागून घ्या आणि मोजा.