सुकाणूतली चिंधी

प्रेमसिंगाची नाव गावात आली, तेव्हा तिला कुणी नाव म्हटलंच नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोन लांबट होड्या, त्यांना जोडणारे दोन दांडे आणि मधे खाटेसारखी ताणलेली जाळी. इंझोरीच्या रस्त्यावर कुणीतरी म्हणालं, ही तर बैलजोडी, नुसतं जू घालायचं बाकी आहे. झालं, बैलजोडी हेच तिचं नाव पडलं. मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं जुनी झाली म्हणून काढून टाकलेली ती शिडाची नाव. प्रेमसिंगाची उभी जवानी नौदलात गेली, आणि तांड्यात परतल्यावर त्याला समुद्राविना करमेना. जवळ होतं ते धरण. पेन्शनवाला माणूस म्हैस घेतो, यानं नाव घेतली. शौकाला कुठं अक्कल असते!

त्याची बायको केशरबाई, तिला पाण्याचं वावडं. असणारच. याच धरणानं तिचं माहेर गिळलं होतं. सगळा तांडा पाण्याखाली गेला, उंचावर होतं म्हणून तिच्या आईचं घर तेवढं राहिलं, आणि ती टेकडी पाण्याच्या मधोमध एकटी पडली. घर म्हणजे आता नुसतं जोतं आणि चुलीचे तीन दगड. म्हातारी शेवटी लेकीकडेच वारली. जाताना तिनं एकच मागितलं होतं, "दिवाळीचा भोग माह्या चुलीवर लावजो, बाई. इस्तो घरचा नेजो."

भोग म्हणजे पेटत्या निखाऱ्यांवर तूप-गूळ सोडायचा. जाळ उठला की गेलेली माणसं जेवली असं समजायचं. काडीपेटीचा जाळ म्हातारीला जन्मभर चालला नाही. निखारा हवा तो आपल्याच चुलीतला, मडक्यात राखेखाली जपून नेलेला. मासे धरणारे थर्माकोलवर बसून टेकडीपर्यंत जात, पण त्या थर्माकोलवर केशरबाई बसणार? हरे राम! तेव्हा राहिली बैलजोडी.

मागच्या दिवाळीला ती डोळे मिटून नावेत बसली होती आणि फजिती झाली होती. नावेला मागे दोन सुकाणू, ती हलवायला एकच आडवा दांडा. पण सुकाणू ज्या कड्यांत फिरायची त्या कड्या झिजलेल्या. दांडा वीतभर सरकवला तरी नाव ढिम्म, आणि वळली की भलतीकडेच. वाऱ्यानं त्यांना परत काठावर आणून टाकलं. काठावरचे लोक हसले ते हसले, मडक्यातले निखारेही विझले. केशरबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं प्रेमसिंगाला वर्षभर वाटत राहिलं.

म्हणून यंदा त्यानं मालेगावहून चांदला बोलावलं. चांद मोटारपंप दुरुस्त करायचा, जुना दोस्त. त्यानं सुकाणू खाली उतरवली, कड्या काढल्या, बोल्टांची छिद्रं ओली होऊन भुसभुशीत झालेली पाहून च्‌ च्‌ केलं. छिद्रं खरवडून दोघांनी त्यांत घट्ट होणारा मसाला भरला, तो वाळल्यावर नव्यानं भोकं पाडली, आतून पत्र्याचा तुकडा देऊन बोल्ट आवळले. चारही कड्यांत नायलॉनचे बूश बसवले, म्हणजे सुकाणूची पिन ज्यांत फिरते त्या छोट्या नळ्या. तीन जागी पिन अशी बसली की वाटावं कारखान्यातून आली आहे. चौथीला बूश केसभर सैल पडला. चांद म्हणाला, पुढच्या फेरीला दुसरा आणतो, एवढ्यानं काही अडत नाही भाभी. प्रेमसिंगही म्हणाला, अडत नाही.

केशरबाईनं सुकाणू हलवून पाहिलं. खडखड. तिचं मन काही मानेना. मागच्या वर्षीही हे असंच म्हणाले होते.

दिवाळीच्या दिवशी पहाटे ती नावेपाशी एकटीच गेली. जात्याचा खुंटा ढिला झाला की बाई काय करते? चिंधी गुंडाळते आणि ठोकते. आईनंच शिकवलं होतं तिला. तिनं आईच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडली, पिन उपसली, चिंधी गुंडाळली आणि दगडानं हळूच ठोकून बसवली. सुकाणू हलवलं. आवाज बंद. नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसला असता, आणि काढायलाही लावली असती.

उन्हं चढल्यावर दोघं निघाली. केशरबाईच्या मांडीवर जाड चुंबळ, चुंबळीवर मडकं, दोन्ही हात मडक्याच्या गळ्याला. शीड भरलं आणि नाव अशी सरळ निघाली की तिनं चक्क डोळे उघडले. प्रेमसिंग तर हवेतच होता. चांदचं कौतुक करता करता अर्धं धरण संपलं.

मग टेकडीकडे वळायची वेळ आली आणि दांडा हलेना. प्रेमसिंगानं जोर लावला, पाय टेकवून ओढला. छे! एक सुकाणू अडकलं होतं आणि आडव्या दांड्यानं दुसऱ्यालाही अडकवून ठेवलं होतं. टेकडी बाजूनं सरकायला लागली. समोर बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे पाण्यावर आलेले, नाव थेट त्यांच्यावर चाललेली. प्रेमसिंगानं शीड सैल सोडलं, तेव्हा वेग कमी झाला, पण वारा लोटतच राहिला. त्यानं चांदच्या नावानं शिव्या सुरू केल्या. बूश फुगला, हलका माल बसवला, दोस्त म्हणून बोलावलं आणि यानं दगा दिला.

केशरबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. चिंधी भिजून फुगली, तिला कळून चुकलं. जातं कधी पाण्यात बुडतं का? गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं! पण त्या चांदनं ऐन ईदेच्या तोंडावर घरचं सोडून तिच्या आईच्या भोगासाठी दोन दिवस घातले होते.

"चांदभाऊले शिव्या देऊ नोका," ती म्हणाली. "मी चिंधी कोंबली त्याच्यात. जात्यावानी."

प्रेमसिंगानं एकदा बाभळींकडे पाहिलं. रागवायलाही सवड नव्हती. त्याचा गुडघा वाकत नव्हता, मागच्या टोकाला पालथं पडून हात घालणं त्याच्यानं होणार नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "मडकं दे इकडं. तू जाय."

मडकं द्यायचं तिच्या जिवावर आलं. पाण्याकडे जायचं त्याहून. तरी तिनं ते त्याच्या हातात दिलं, जाळीवरून सरपटत गेली आणि पालथी पडली. तोंडाखाली हिरवं पाणी. खाली कुठंतरी तिचा तांडा होता, विहीर होती, ती खेळली ते अंगण होतं. भीतीनं तिला रडू फुटलं आणि ती रडत रडतच पिन पिळायला लागली. ओढून निघणार नव्हती. जात्याचा खुंटा जसा डावीउजवीकडे पिळून काढतात, तशी काढली. पिन वर आली, मागोमाग ओली चिंधी. तिनं पिन परत घातली. खडखड.

प्रेमसिंगानं कोपरानं रेटला तसा दांडा फिरला. एका बाभळीचा काटा शिडाला ओरखडून गेला, तेवढंच.

टेकडीला लागल्यावर तिनं आधी मडकं पाहिलं. लाटेचं पाणी उडत होतं म्हणून प्रेमसिंगानं ते पोटाशी धरलं होतं, वरून सदरा पांघरला होता, आणि एका हातानं शिडाचा दोर सांभाळत दुसरा पंजा चुंबळीविनाच तापलेल्या मडक्याखाली तसाच दाबून ठेवला होता. तळवा लालबुंद झाला होता. राख उकरली तर आत निखारे जिवंत.

तीन दगडांच्या चुलीत तिनं निखारे मांडले, फुंकले, तूप-गूळ सोडला. क्षणभर नुसता धूर. मग भप्पकन जाळ उठला. केशरबाईनं पदर पसरून आईला हाक मारली आणि मन भरेतो रडली. मग उरलेलं तूप तिनं नवऱ्याच्या तळव्याला लावलं.

परतताना सुकाणू वाजत होतं. प्रेमसिंग म्हणाला, चांदले सांगून उद्याच नवीन बूश बसवून घेतो.

"बसवा," केशरबाई म्हणाली. "पण चांदभाऊची माफी मागजा पहिले. मी बी संगं येते."

आणि ओली चिंधी तिनं पिळून, वाळायला म्हणून शिडाच्या दोराला बांधली.