पुल्लिंगी नदी

नदीसरांची कविता नववीच्या पुस्तकात लागून अकरा वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं ती शिकवण्याची पाळीही त्यांच्यावरच आली होती. आपल्याच कवितेवर दोन-दोन गुणांचे प्रश्न काढायचे आणि कवीला काय म्हणायचं आहे ते गाईडमधून तपासून घ्यायचं, असं त्यांचं वाङ्मयीन जीवन. नदीसर हे नाव मुलांनी ठेवलेलं. खरं नाव आता फक्त पगारपत्रकात शिल्लक होतं.

कविता महापुराची. परीक्षेला हमखास यायच्या त्या ओळी अशा:

नदी आली अंगणात,
कडी वाजली दोनदा;
'उघड ना रे, मी आलो'

नदी म्हणजे ती. मग 'आलो' कसं? गाईडात उत्तर तयार होतं: 'कवी नदीसाठी पुल्लिंगी क्रियापद योजतो. यातून निसर्गाचे पौरुष व सामर्थ्य प्रकट होते.' हे वाक्य सरांनी लिहिलं नव्हतं, पण खोडलंही नव्हतं. 'पुल्लिंगी नदी' या विषयावर एका बाईंनी तर डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाची प्रत त्यांनी सरांना भेट दिली. ती सरांच्या कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली उत्तम बसली.

वर्गात मुलं ती ओळ एका सुरात म्हणत तेव्हा सर दाराशी जाऊन उभे राहत. वर्गाचं दार ते कधी लावू देत नसत. पटावर चाळीस मुलं होती. आवाज एक्केचाळीस यायचे.

कारण नदी काही बोललीच नव्हती. बोलला होता दादा. अठरा वर्षांपूर्वी, पहाटे, शेजाऱ्यांना गच्चीवर चढवून तो घरी परतला, तेव्हा बाहेर छातीएवढं पाणी होतं आणि आत घोट्याएवढं. आत खाटेवर आई होती, तिचे पाय गेलेले. सर दाराला टेबल लावून, टेबलाला पाठ लावून उभे होते. ते हलले नाहीत. आई त्यानंतर चार महिने जगली. त्या आठवड्यात माहेरी गेलेल्या वहिनींना सरांनी सांगितलं, दादा घरापर्यंत पोचलाच नाही.

यंदा एका दुपारी वहिनी वरच्या मजल्यावरून खाली आल्या. वर त्या शिकवण्या घेत.

"पुस्तक मंडळाचं पत्र आलंय, भाऊजी. पोस्टमननं वर दिलं. फोडलंय मी."

"ते दिसतंच आहे."

मंडळात कोणी नवे व्याकरणप्रेमी अधिकारी आले होते. नव्या आवृत्तीत 'आलो' हा मुद्रणदोष काढून तिथे 'आले' करायचं होतं. कवीनं सही करावी. हरकत असल्यास कारण द्यावं. कारणासाठी दीड ओळ सोडली होती.

सरांच्या मनात आलं, सुटलो. एक सही, की नदी बाईमाणूस होईल आणि पुन्हा कोणी काही विचारणार नाही. त्यांनी पेन उघडलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "छापखान्याची चूक."

"अकरा वर्षांनी सापडली?"

"छापखाना सरकारी आहे."

वहिनी हसल्या नाहीत. सरांनी पेन कागदावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला आणि मोठा होत गेला. दादा जगात कुठे उरला असेल तर या एका ओकारात उरला होता. त्यांनी पेन उचललं.

"कारण काय लिहू, वहिनी?"

"जे आहे ते. दीड ओळीत मावेल." त्या तशाच उभ्या होत्या. "मला पहिल्याच वर्षी कळलं, भाऊजी. वर हीच कविता शिकवते मी. 'उघड ना रे' असं नदी तुम्हाला कशाला म्हणेल? तुमची एवढी ओळख कुठली?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. आई आत होत्या, हे कळतं मला. तुमच्या जागी मीही दार उघडलं नसतं. पण 'मी आलो' असं हे कधी म्हणायचे नाहीत. 'आलोय' म्हणायचे. दारातूनच."

"छापायला बरं दिसेना."

"हं. आणि कडी? दोनदाच वाजवली?"

सर उघड्या दाराकडे बघत राहिले. बाहेर कोरडं, लख्ख ऊन होतं.

"तीनदा."

"मग दोनदा का लिहिलंत?"

"अष्टाक्षरी छंद आहे, वहिनी. तीनदा बसेना."

वहिनींनी शिकवणीतल्या कच्च्या मुलासमोर मोजावं तसं बोटांवर मोजलं. "क, डी, वा, ज, ली, ती, न, दा." आठ बोटं सरांच्या तोंडासमोर उभी राहिली. "बसतंय की."

यावर गाईडात उत्तर नव्हतं.

सरांनी 'आले' खोडून 'आलोय' लिहिलं. समासात, कोणी न मागितलेली दुरुस्ती लिहिली: 'दोनदा'ऐवजी 'तीनदा'. कारणाची दीड ओळ कोरीच होती. वहिनींनी खुर्ची ओढली आणि टेबलाच्या पलीकडे बसल्या.

"लिहा आता," त्या म्हणाल्या. "मी बसलेय."