घरात मांजर नव्हतं

"आता एवढे पडदे राहिलेत, तेही उतरवू," म्हणत बाप स्टुलावर चढला, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. गालिचा गेला होता, कापसाच्या उशा गेल्या होत्या, लेकीचं कापडी अस्वलसुद्धा उकळत्या पाण्यात न्हाऊन मावशीकडे रवाना झालं होतं. तरी संध्याकाळ झाली की सात वर्षांची लेक शिंकायला लागायची, डोळे चोळून लाल करायची आणि रात्रभर तोंड उघडं टाकून घोरायची. शाळेत पोरं तिला 'शेंबडी' म्हणत आणि ती मुकाट ओ देई, हे बापाला फार लागे.

"अहो, आता घरच बाहेर काढा. आपण रस्त्यावर बसू."

"बसू. पण तिची शिंक घालवीनच."

हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. जनावरांच्या दवाखान्यात तो मदतनीस होता. सुई पाहून फिस्कारणारी मांजरंही त्याच्या कुशीत निमूट बसत, याचा त्याला कोण अभिमान!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून बारीक टोचलं. थोड्या वेळाने एकाच थेंबाखाली गांध टरारून उठली.

"धूळ नाही, बुरशी नाही, झुरळं नाहीत. हिला मांजर सोसत नाही. घरात पाळलंय?"

"छे! घरात मांजर नाहीच," बाप ठणकावून म्हणाला.

बायकोने त्याच्या बाहीवरचा एक पांढरा केस चिमटीत धरून टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी आधी केसाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मांजराच्या लाळेचे, कातडीचे कण कपड्यांवर बसून घरी येतात. संध्याकाळी ही तुमच्या गळ्यात पडत असेल ना?"

"आल्या आल्या!" लेकच म्हणाली.

बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं घर धुऊन काढलं होतं त्याने, आणि रोज दार वाजवून आत येणारा चोर तो स्वतःच होता.

"नोकरी सोडतो," वाटेत तो म्हणाला.

"आणि खायचं काय, पडदे?"

दुसऱ्या दिवसापासून काम आटोपलं की तो दवाखान्यातल्या कुत्री धुण्याच्या मोरीत स्वतः बसू लागला. पाणी गार, साबण जनावरांचा, काळा आणि उग्र. "काय रे, पिसवा झाल्या का?" सोबत काम करणारी मदतनीस हसली. "झाल्या," म्हणत त्याने आणखी एक तांब्या ओतून घेतला. लग्नातही जिला कात्री लावू दिली नव्हती, ती मिशीही त्याने उतरवली. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं नव्हतं, पण त्याला धोका पत्करायचा नव्हता. कामाचे कपडे तिथेच सोडून तो घरी येई, आणि लेक धावत आली की हात आडवा धरी. घरात साचलेले कण जायला वेळ लागणार होता, आणि तोवर त्याचा स्वतःवरही भरवसा नव्हता. "लांबूनच, राणी. थोडे दिवस." ती कोपऱ्यात जाऊन बसे, आणि त्याला घास गोड लागत नसे.

एका संध्याकाळी मात्र तिने ऐकलं नाही. दिवेलागण होऊन गेली होती आणि अजून एकही शिंक आली नव्हती. आडवा हात बाजूला सारून ती त्याच्या मांडीवर चढली, त्याच्या मानेत नाक खुपसलं आणि तोंड मिटून लांब श्वास घेतला.

"बाबा, तुझा वास असा आहे होय?"

तो साबणाचा वास आहे, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो," तो म्हणाला. "असाच आहे."