फुकटची पेन्सिल

मकाऊच्या कॅसिनोत बारा वर्षं फाशांचं टेबल सांभाळणाऱ्या इओक-लिनकडे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा खेळ शिकायला आला, तोही नूडल्सचं दुकान विकून आलेले पैसे खिशात घालून.

तिने भाताच्या वाडग्यात तीन फासे टाकले. "बेरीज चार ते दहा म्हणजे लहान, अकरा ते सतरा म्हणजे मोठं. तिन्ही फासे सारखे पडले की दोन्हीकडचे पैसे मालकाचे. झालं शिकून, भावोजी. घरी जा."

"एवढंच नसतं गं!" त्याने कागद उलगडला. "काल लागोपाठ सात वेळा लहान आलंय. आता मोठंच येणार."

"तुम्हाला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, आणि फाशांना कालचं आठवेल? कागद-पेन्सिल कुणी दिली?"

"कॅसिनोनं. फुकट."

"असल्या हिशेबानं कुणी जिंकत असतं, तर त्या हरामखोरांनी पेन्सिली वाटल्या असत्या?"

त्याने वाडगा झाकून जोरात हलवला. पाच, पाच, चार. मोठं.

"बघितलंस!" तो नाचायलाच लागला.

असली उजळलेली थोबाडं ती रोज बघायची. तिने दाराला आतून कुलूप घातलं आणि फोन लावला. "ताई, लगेच ये. पैसे अजून यांच्या खिशात आहेत."