ए टॅक्सी!

"टॅक्सी! अरे ए टॅक्सी!"

हाक हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरून आली. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीत बसलेल्या मास्तरनं ती नीट ऐकली आणि काच वर केली. मास्तर हे काही त्याचं नाव नव्हे. शाळेशी त्याचा संबंध चौथीतच संपला होता. पण बावीस वर्षं तो गिऱ्हाइकांना वळण लावायला बसला होता, म्हणून स्टँडवरच्या टवाळांनी हे नाव चिकटवलेलं. 'ए टॅक्सी' म्हटलं की हा ढिम्म हलायचा नाही. कुणी खिडकीशी येऊन "अहो, येता का?" म्हणालं, की मग उतरून दार उघडील, सामान ठेवील, म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देईल. "टॅक्सी पत्र्याची आहे, तिला कान नसतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

स्टँडचा नियम असा, की पहिली गाडी हलल्याशिवाय दुसरीनं हलायचं नाही. त्यामुळे मास्तरच्या मानापायी मागच्या सगळ्यांचा खोळंबा व्हायचा आणि ते दातओठ खात बसायचे.

त्या सकाळी हाका मारणाऱ्या बाईंनी एका हातानं वडिलांचा दंड धरला होता. म्हातारबुवांच्या गुडघ्याला पट्ट्या, नुकतीच घरी जायची परवानगी मिळालेली. त्यांना सोडून बाई खिडकीपर्यंत येणार कशा? मास्तरनं एकदा मान वळवली असती तर दिसलं असतं. पण मान वळवायची नाही, हाच तर सगळा हट्ट. चार हाका झाल्या. पाचव्या हाकेला बाई चिडून दोन पायऱ्या उतरल्या, हात सुटला आणि म्हातारबुवा कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. ज्या दारातून बाहेर आले, त्याच दारातून स्ट्रेचरवर परत आत गेले.

स्टँडचा म्होरक्या, ज्याला सगळे दादा म्हणत, मास्तरच्या अंगावरच धावून आला.

"झालं समाधान? म्हाताऱ्याचं हाड मोडलं, तुझी मान ताठच्या ताठ!"

"मला काय स्वप्न पडलं होतं? खिडकीशी येऊन विचारायचं होतं."

"कुणी? त्या लंगड्या म्हाताऱ्यानं? लाज वाटत नाही बोलायला?" दादा ओरडला. "बाई तक्रार देतायत. तक्रार गेली की हॉस्पिटल तुला इथून हाकलणार, आणि आमच्यातला एकही मधे पडणार नाही. संध्याकाळच्या आत जा, पाय धर, काय करायचं ते कर."

बाकीचे ड्रायव्हर नुसते बघत राहिले. बावीस वर्षं शेजारी गाडी लावणाऱ्यानं तर तोंड फिरवलं. ह्या वयात दुसऱ्या स्टँडवर कुणी उभं करणार नाही, हे मास्तरला ठाऊक होतं.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे आपल्या सोयीनं सांगितलं. "माणसाला माणसासारखी हाक मारायला ह्यांच्या जिभा झडतात काय? ए, पाणी आण."

बायको उठली नाही. "कुणाला म्हणालात?"

"तुलाच. आणखी कोण आहे इथं?"

"एकतीस वर्षं 'ए' म्हटलं की धावतेय मी. मलाही काच असती तर वर केली असती."

"तोंड फार सुटलंय तुझं!"

"आज सुटलं. माठ तिथं आहे, घ्या हातानं." असं म्हणून ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

मास्तरचा संताप संताप झाला. ती खोटं बोलली असती तर एवढा झाला नसता. ताटावरून तसाच उठून तो हॉस्पिटलात गेला.

बाई वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. मास्तर समोर उभा राहिला.

"बाई, मी सकाळचा..."

"सकाळचा कोण?"

"टॅक्सी," तो म्हणाला. स्वतःबद्दल हा शब्द त्यानं जन्मात पहिल्यांदाच काढला होता.

"अच्छा! आता ऐकू यायला लागलं?"

"चुकलं माझं. मी वळून बघायला हवं होतं. तेवढी तक्रार..."

"माफीनं हाडं सांधली असती तर डॉक्टर कशाला लागले असते? तक्रार जाणारच." बाईंनी पर्समधून अर्ज काढला. "बरा सापडलास. इथल्या ऑफिसनं दोनदा परत पाठवला मला. म्हणे, नुसतं टॅक्सी लिहून चालत नाही, माणसाचं नाव लिहा. तुझ्या स्टँडवर विचारलं तर सगळे मास्तर मास्तर करतात, पुढचं एकालाही ठाऊक नाही. नाव सांग."

खोटं नाव सांगून सटकता आलं असतं. आत म्हातारबुवा कण्हत होते, ते दारातून ऐकू येत होतं. मास्तरनं नाव सांगितलं. मग वडिलांचं सांगितलं, मग आडनाव. बाई लिहीत गेल्या. त्यानं वाकून बघितलं.

"आडनावात जोडाक्षर आहे, बाई. तेवढं नीट करा."

बाईंनी रागानं त्याच्याकडे बघितलं, खाडाखोड केली, पुन्हा लिहिलं आणि सबंध नाव मोठ्यानं वाचलं. "बरोबर?"

"हो. बरोबर." वरच्या पंख्यानं कागद उडत होता. बाईंची सही होईपर्यंत मास्तर त्याचा कोपरा बोटानं दाबून उभा राहिला.