नळावरच्या बायका

त्या दुपारी शकू पेणच्या आपल्या फोटोच्या दुकानात संगणकावर एक जुना फोटो साफ करत होती. रोह्यात पहिला सार्वजनिक नळ आला त्या दिवशीचा. हंडे-कळश्या घेतलेल्या बायकांचा. गावाच्या जुन्या फोटोंचं रोह्यात प्रदर्शन भरणार होतं आणि ते सगळे नीट करायचं काम तिच्याकडे आलं होतं. शेजारी तिची आई, गिरजाबाई, वाल सोलत बसली होती.

"अगो, हाजराच्या तोंडावरचं काय पुसतेस? देवीचे वण ते. तिचा नवरा पण ओळखायचा नाय तिला."

शकूनं वण परत आणले. "आणि ह्या सगळ्या एवढ्या हसतायत कशाला?"

"मीच म्हटलं, नळ आलाय, मयत नाय. दात दाखवा."

परपुरुषासमोर उभ्या राहायला बायका तयार नव्हत्या, म्हणून त्या दिवशी कॅमेरा गिरजाबाईच्या हातात आला, तो कायमचाच. बायकांचे फोटो तीच काढी. मागे शिक्का मात्र नवऱ्याचा, 'दिनानाथ फोटो स्टुडिओ'. कुणी विचारलं तर नवऱ्याचं नाव न घेता म्हणायची, "ह्यांचे फोटो." वडील होते तोवर शकू गप्प राहिली. पुढे ती सवयच झाली.

दुसऱ्या सकाळी चहा गाळता गाळता आई खाली बसली, ती उठलीच नाही.

तेरावं झाल्यावर शकूनं उरलेले फोटो पुरे केले आणि प्रदर्शन समितीच्या कमळाकरला गाठून सांगितलं, बायकांच्या फोटोंखाली आईचं नाव हवं.

"शकूताई, दिनानाथकाकांच्या नावाच्या पाट्या छापून झाल्या. आणि काकी स्वतःच म्हणायच्या ना, ह्यांचे फोटो?"

"नाव घ्यायचं नाही म्हणून 'ह्यांचे' म्हणायची. त्याची तुम्ही पाटी केलीत."

"गेलेल्या माणसाचं नाव आता कशाला खोडायचं?"

"तीही गेलीच आहे, कमळाकर."

पाट्या तशाच लागल्या. उद्घाटनाला पाहुणे नळाच्या फोटोपाशी थांबले. "काय नजर हो दिनानाथांची! परक्या पुरुषासमोर ह्या बायका किती मोकळ्या हसतायत!"

टाळ्या पडल्या. कमळाकरनं लांबूनच शकूला हातानं खुणावलं, राहू दे. ती खुर्चीवरून उठली.

"परका पुरुष तिथं नव्हताच."

"बस गो," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसत नाय!" तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "हे बायकांचे फोटो बाबांनी काढलेले नाहीत. माझ्या आईनं काढलेत. गिरजाबाईनं."