कपाळावरचा चष्मा

"तुमी माझ्या म्होरं वाचून दावलं न्हवं, तात्या? येकशे सतरा म्हणून तोंडानं म्हणला! मग कागदावर मोकळी जागा कशी?"

"वरडू नगा, कुशाबाई. झाडाखाली चार मानसं हायत."

"असू द्यात! हिकडं माझा ऊस वाळतुया, आन तुमाला मानसांची लाज!"

मित्रांनो, हे भांडान झालं तवा मी तात्याच्या कपाळावर व्हतो. मी एक जुना चष्मा हाय. तारेच्या काड्या, एक काच तडकल्याली. रामहरी तात्यानं मला बारामतीच्या बाजारात घेतलं. डोळ्याला लावलं आन झाडाची पानं येगयेगळी दिसली, तसा गडी पोरावानी हसला. त्या दिशी मला बी लई भारी वाटलं.

तात्या इंदापुरात कचेरीम्होरच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिवतो. बारा वर्सं झाली. "तात्याचं अक्षर म्हंजे मोती," म्हणत्यात लोक. मोती लिवताना मी नाकावर. पन लिवून झालं की अर्ज मोठ्यांदा वाचून दावायची रीत हाय. तवा तात्या मला कपाळावर सारतो, कागद हातात धरतो आन पाठ असल्यागत म्हणतो. मला लिंबोळ्या दिसत्यात, कागद दिसत न्हाय. ऐकणाऱ्याला वाचाया येत न्हाय. तो मान डोलावतो, अंगठा उठवतो, जातो.

कुशाबाई अंथुर्ण्याची. नवरा गेला, दीड एकर ऊस तिच्या येकटीवर. पाटाच्या पाण्याचा अर्ज लिवायला आली. सर्व्हे नंबराची पावती लुगड्याच्या गाठीत, आन गाठ सुटंना. तात्यानं तेवढी जागा सोडून फुडं लिवलं. मग गाठ सुटली. तात्यानं पावती बघितली, येकशे सतरा. नंबर डोक्यात गेला, कागदावर गेलाच न्हाय. वाचून दावताना मातूर तोंडानं झोकात म्हणला. अर्ज माघारी आला तवा मुदत संपल्याली.

झाडाच्या दुसऱ्या अंगाला मोहनराव बसतो. तो बी अर्जच लिवतो. भांडान ऐकून म्हणला, "तात्या, आता लिवाल तो मला दावा. मी तुमचा बघतो, तुमी माझा बघा."

तात्या भडकला. "तुला टाक धरायला मी शिकवलं, आन तू माझं तपासणार व्हय रं?"

उशीर माफ करून पाणी द्यावं, असा दुसरा अर्ज तात्यानं लिवला. ह्या येळी मला धोतरानं पुसलं, नाकावर ठेवलं, तीनदा वाचलं. मला वाटलं, सुटलो बाबा.

कसलं सुटतोय! मी डोळ्याला चिकटून असतो, मला कळतं. डोळा कागदावर फिरत व्हता, पन बघत व्हता डोक्यातलं. डोक्यात समदं नीट लिवल्यालं. नंबर व्हता, चांगला ठळक व्हता. गावाचं नावच न्हवतं. तात्या तिन्ही येळा "मौजे अंथुर्णे" म्हणला, आन कागदावर "मौजे"च्या फुडं थेट "तालुका इंदापूर". मला दिसत व्हतं. तोंड न्हाय मला. असा राग आला की वाटलं, दुसरी काच बी तडकावी.

मोहनराव चार हातांवर बसला व्हता. त्याच्या डोक्यात अंथुर्णं न्हवतं, त्याला ती खोट लगीच घावली असती.

"आता मिळंल न्हवं पाणी?" कुशाबाईनं इचारलं.

"मिळंल."

तिनं अंगठा उठवला.

मित्रांनो, कायबी लिवलं तर दुसऱ्याला वाचाया द्या. ज्याच्याशी पटत न्हाय त्याला आदुगर द्या. नुसता चष्मा पुसून कायबी व्हत न्हाय, हे मी चष्माच सांगतुया.

आज तात्या पिंपळीच्या बिरूला अर्ज वाचून दावतुया. मी परत कपाळावर. बिरूच्या कागदात काय राहिलंय, कुणास ठाऊक. पन हितनं रस्ता दिसतो. कुशाबाई येतीया. येका हातात तोच कागद, माघारी आल्याला, दुसऱ्या हातात उसाच्या शेंड्याचं वाळल्यालं वाढं. तात्यानं अजून बघितलं न्हाय.

हाक मारली तिनं. तात्याचा हात माझ्याकडं आला. मला आता खाली, नाकावर जाया लागंल. जातो.